वादळांचें दप्तर : हेन्री पिडिंग्टन व त्याची संशोधनपद्धति

( १ )

शके १९४२, ज्येष्ठ शुद्ध १२, बुधवार, म्हणजे ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलेलें 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ सह्याद्रि ओलांडून पुणें जिल्ह्यांत उतरलें. मावळ, खेड, जुन्नर वगैरे तालुक्यांत झाडें उन्मळलीं, घरांचीं व गोठ्यांचीं छपरें उडालीं. प्रस्तुत लेखकाचें घर चाकणनजीक आहे. त्या दिवशीं माडीवरचे दोन पत्रे उचलले गेले आणि त्यांखालीं फडताळांत ठेविलेला वडिलोपार्जित मोडी कागदांचा एक रुमाल रात्रभर भिजला. दुसऱ्या दिवशीं ओसरीवर कागद वाळत घालीत असतां एका जमाखर्चाच्या बंदाच्या पाठीवर पुढील मजकूर दिसला : "वैशाख वद्य ९ मंदवारीं वारा उदंड जाला. आंबे पडले. गंजी उडाल्या." आरंभीं शक घातलेला होता; परंतु नेमक्या त्याच जागीं शाई फुटून आंकडे नाहींसे झाले होते. तिथि व वार जुळवून पाहिले तर एका शतकांतच अनेक शक संभवतात. त्यांतून एक निवडण्यास दुसरें साधन नाहीं.

हा रुमाल लेखकाजवळ तीस वर्षें होता. वतनासंबंधींचे चार कागद त्यानें पूर्वींच नकलून ठेविले होते. पाठीवरची ही ओळ त्या वेळीं वाचलीही होती, परंतु क्षुल्लक म्हणून सोडून दिली होती. एका वादळाची नोंद दुसऱ्या वादळानें पुसली, यांत वाऱ्याचा दोष थोडा व नक्कल न करणाराचा अधिक. ही चूक किती मोठी होती हें, ज्या गृहस्थानें वादळांचें शास्त्र मुख्यतः अशाच हस्तलिखित नोंदींवरून उभारलें त्याचा उद्योग पाहूं लागल्यावर कळलें. त्या गृहस्थाचें नांव हेन्री पिडिंग्टन. त्याच्या कार्याचा परिचय जुन्या कागदांच्या संग्राहकांस करून द्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

( २ )

आपल्याकडे वायु व पर्जन्य यांचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं पर्जन्यमापनाचें कुंड ठेवावें असें सांगितलें आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांची गर्भलक्षणें, प्रवर्षण, वातचक्र, निर्घात इत्यादि विषयांस स्वतंत्र अध्याय दिले असून, एक हात रुंदीच्या कुंडांत सांचलेलें पाणी मोजण्याचें मानही दिलें आहे. हें सर्व आदरणीय खरें. तथापि ह्या ग्रंथांचें स्वरूप लक्षणशास्त्राचें आहे. अमुक चिन्ह दिसल्यास अमुक फल, असा सामान्य नियम त्यांत मिळतो; अमुक शकीं, अमुक तिथीस, अमुक गांवीं वारा प्रथम ईशान्येचा होता व प्रहरभरानें आग्नेयेचा झाला, असें एका विवक्षित वादळाचें वर्णन मिळत नाहीं. नियम खरा कीं खोटा हें ज्यावरून ठरवावयाचें, तीं दिनांकित उदाहरणें ग्रंथांत उतरलीं नाहींत. पिडिंग्टननें काम सुरू केलें तें उदाहरणांपासून.

( ३ )

पिडिंग्टनचा जन्म १७९७ सालीं इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत झाला. तरुणपणीं तो व्यापारी जहाजांवर होता व पुढें कप्तानकीपर्यंत चढला. समुद्रावरील नोकरी सोडून तो कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथील आर्थिक भूविज्ञानाच्या संग्रहालयाची व्यवस्था त्याच्याकडे होती, बंगालच्या एशियाटिक सोसायटीशीं त्याचा निकट संबंध होता, आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायसभेचा तो अध्यक्षही झाला. वेधशाळेंत त्यानें कधीं नोकरी केली नाहीं. वादळांचा अभ्यास हा त्याच्या फावल्या वेळचा उद्योग होता; तो त्यानें मरेपर्यंत, म्हणजे १८५८ पर्यंत, चालविला.

वादळ म्हणजे सरळ वाहणारा जोराचा वारा नसून वाऱ्याचें प्रचंड भोंवरें होय, हें मत त्याच्या आधींच मांडलें गेलें होतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील कर्नल कॅपर यानें १८०१ मध्यें कोरोमंडल किनाऱ्यावरील वादळांसंबंधानें तें सुचविलें. अमेरिकेंत रेडफील्ड यानें १८३१ पासून तें सप्रमाण मांडलें. आणि विल्यम रीड यानें १८३८ मध्यें 'वादळांचा नियम' ह्या अर्थाच्या नांवाचा ग्रंथच प्रसिद्ध केला. रीडचा ग्रंथ वाचून पिडिंग्टनला छंद लागला. अटलांटिकांत जो नियम आढळला तोच आपल्या समुद्रांत लागू पडतो काय, हा त्याचा प्रश्न. १८३९ च्या जूनमध्यें ता. ३, ४ व ५ रोजीं बंगालच्या उपसागरांत मोठें वादळ झालें. त्यावर त्यानें त्याच वर्षीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत पहिला निबंध प्रसिद्ध केला. पुढें जवळजवळ वीस वर्षें ही निबंधमाला चालून तिच्यांत वीसहून अधिक निबंध निघाले.

( ४ )

ह्या निबंधांचें साधन कोणतें ? जहाजांच्या रोजनिशा. प्रत्येक जहाजावर दर प्रहरीं, कित्येकदां दर तासास, वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, वायुभारमापकाचा आंकडा, समुद्राची स्थिति आणि रोज माध्यान्हीं जहाजाचें अक्षांश-रेखांश लिहून ठेवीत. ज्या कारकुनी वह्या प्रवास संपतांच अडगळींत पडावयाच्या, त्या पिडिंग्टननें कप्तानांकडून, मालकांकडून व सरकारी खात्याकडून मागवून घेतल्या. एकेका वादळासाठीं तो अनेक जहाजांच्या नोंदी एकत्र करी. जें जहाज बुडालें त्याची वही बहुधा त्याच्याबरोबर जाई. म्हणून वांचलेल्यांच्या जबान्या, दीपगृहांवरील व किनाऱ्यावरील लोकांचीं पत्रें यांचाही तो उपयोग करी.

रोजनिशी हातीं आली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तिच्या तारखांचा एक मोठा घोटाळा असे. जुन्या दर्यावर्दी गणनेप्रमाणें जहाजाचा दिवस मध्यरात्रीं न लागतां माध्यान्हीं लागे, व तोही नागरी तारखेच्या बारा तास आधीं. म्हणजे रोजनिशींत ४ जूनच्या दुपारचे तीन असें लिहिलें असेल, तर ती वेळ किनाऱ्यावरील माणसाच्या गणनेनें ३ जूनच्या दुपारची. दोन जहाजांच्या गणना भिन्न असल्या आणि हा भेद ध्यानांत आला नाहीं, तर वादळ एका दिवसांत दोन ठिकाणीं उभें राही. म्हणून पिडिंग्टन प्रथम प्रत्येक रोजनिशीचा गोषवारा काढी व तींतील काळ नागरी गणनेंत आणून मग तुलना करी. सुहूर सन मृगापासून लागतो, शक चैत्रापासून; दक्षिणेंतील वैशाख वद्य तें उत्तरेंतील ज्येष्ठ वद्य; ह्या भेदांशीं ज्यांनीं जन्मभर झुंज घेतली आहे, त्यांस ह्या कामाचें मोल निराळें सांगावयास नको.

काळ एक झाला कीं नकाशा. समजा, ३ जूनच्या माध्यान्हीं पांच जहाजें उपसागरांत पांच ठिकाणीं आहेत. प्रत्येकाची जागा मांडून तेथील वाऱ्याची दिशा बाणानें दाखवावयाची. विषुववृत्ताच्या उत्तरेस वादळांतील वारा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळें ज्या जहाजावर उत्तरेचा वारा आहे तें मध्याच्या पश्चिमेस असलें पाहिजे. पूर्वेचा वारा असेल तर मध्याच्या उत्तरेस. दक्षिणेचा असेल तर पूर्वेस. पश्चिमेचा असेल तर दक्षिणेस. प्रत्येक बाणावर लंब काढला म्हणजे ते सर्व लंब जवळपास एका ठिकाणीं मिळतात. तेंच वादळाचें केंद्र. दुसऱ्या दिवशींच्या माध्यान्हाचें केंद्र तसेंच काढावयाचें, व अशीं रोजचीं केंद्रें जोडलीं कीं वादळाचा मार्ग डोळ्यांपुढें उभा राहतो. हें वादळ कोणीं एकानेंही संपूर्ण पाहिलेलें नसतें. प्रत्येक कप्तानास आपापल्या शिडांपुरतें तें दिसलेलें असतें. पांच अपुऱ्या साक्षींतून एक पुरी घटना सिद्ध करणें, ही रीत इतिहाससंशोधकाचीच होय.

साक्षींची ही छाननी किती सूक्ष्म असे याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८४५ च्या फेब्रुवारींत मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नांवाचें दोन डोलकाठ्यांचें जहाज वादळांत सांपडलें. कप्तानानें वाऱ्याकडे पाठ करून जहाज सोडलें व तें दिवसामागून दिवस पळत राहिलें. आपण फार दूर आलों अशी खलाशांची समजूत होणें साहजिक होतें. पिडिंग्टननें ती रोजनिशी नकाशावर उतरविली, तेव्हां जहाज वादळाच्या मध्याभोंवतीं पांच प्रदक्षिणा करून आलें होतें असें निघालें. वादळ वर्तुळगति आहे याचा याहून प्रत्यक्ष पुरावा तोंपर्यंत कोणास मिळाला नव्हता. आणि तो दिला एका भिजलेल्या, घाईनें लिहिलेल्या वहीनें.

ह्या पद्धतींतील उणीवही सांगितली पाहिजे. वारा मध्याभोंवतीं शुद्ध वर्तुळांत फिरतो असें धरून ती चालते. वस्तुतः तो आंत वळत वळत मध्याकडे जातो. मॉरिशसच्या वेधशाळेंतील मेल्ड्रम व नंतर हिंदुस्थानांतील ब्लॅनफर्ड व ईलियट यांनीं ही गोष्ट पुढें आणली. त्यामुळें लंबांनीं काढलेलें केंद्र कांहींसें चुकतें हें कळलें. परंतु ही दुरुस्ती करतांना उत्तरकालीनांनाही रोजनिशांचाच आधार घ्यावा लागला.

( ५ )

पिडिंग्टननें आपलें ज्ञान विद्वानांपुरतें ठेविलें नाहीं. १८४४ मध्यें त्यानें एक छोटें पुस्तक काढलें व १८४८ मध्यें खलाशांसाठीं मोठें, 'सेलर्स हॉर्न-बुक' ह्या नांवाचें. इंग्लंडांत पूर्वीं मुलांची मुळाक्षरांची पाटी शिंगाच्या पातळ पारदर्शक पापुद्र्यानें मढवीत, तिला 'हॉर्न-बुक' म्हणत. तेव्हां नांवाचा एक अर्थ 'खलाशांचीं धुळाक्षरें' असा होतो. दुसरा अर्थ अक्षरशः घ्यावयाचा : पुस्तकाबरोबर पारदर्शक शिंगाच्या दोन चकत्या दिलेल्या असत, एक उत्तर गोलार्धासाठीं व एक दक्षिण गोलार्धासाठीं. त्यांवर वादळांतील वाऱ्यांच्या दिशा कोरलेल्या. कप्तानानें ती चकती समुद्राच्या नकाशावर ठेवावी, आपल्या जागेवर आपला वारा येईपर्यंत सरकवावी, म्हणजे मध्य कोणीकडे आहे व कोणीकडे पळावें हें समजे.

ह्याच पुस्तकांत त्यानें 'सायक्लोन' हा शब्द प्रथम प्रचारांत आणला. तोंपर्यंत एकाच वस्तूस निरनिराळ्या समुद्रांत निरनिराळीं नांवें होतीं आणि कित्येक नांवें साध्या जोरदार वाऱ्यासही लावीत. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ ज्यांत येतो त्या ग्रीक शब्दावरून त्यानें नवें नांव घडविलें. वर्तुळ नेमकें गोल असलेंच पाहिजे असा आग्रह त्या नांवांत नाहीं, हें त्यानें मुद्दाम पाहिलें. येथें संस्कृतज्ञास एक मौज वाटेल. ग्रीक 'कुक्लोस' व संस्कृत 'चक्र' हे एकाच मूळापासून निघालेले सगोत्र शब्द आहेत. आणि भागवताच्या दशम स्कंधांत तृणावर्त दैत्य येतो तो 'चक्रवात' रूपानेंच. म्हणजे पिडिंग्टनला जो शब्द नव्यानें घडवावा लागला, त्याचा भाऊ आपल्या कोशांत शतकानुशतकें होता. शब्द आपल्यापाशीं होता, दप्तर त्याच्यापाशीं होतें.

जुन्या साधनांचा त्यास केवढा उपयोग झाला हें एका राजकीय प्रकरणावरून दिसतें. गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंग बंदर १७८९ च्या डिसेंबरांत समुद्राच्या तीन प्रचंड लाटांखालीं बुडून सुमारें २०,००० माणसें मेलीं होतीं. १८३९ च्या नोव्हेंबरांत तेथें पुन्हां तसाच प्रलय झाला. पिडिंग्टनचा दुसरा निबंध त्याच वादळावर आहे. वाऱ्यापेक्षां वादळानें उचललेलें पाणी अधिक घातक, हें त्यानें अशा वृत्तांतांवरून ओळखलें. पुढें सुंदरबनांत मातला नदीवर नवें बंदर वसविण्याचें सरकारच्या मनांत आलें, तेव्हां १८५३ मध्यें त्यानें गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यास छापील पत्र लिहून, केव्हां ना केव्हां समुद्र ह्या जागेवर चढल्याशिवाय राहणार नाहीं असा इशारा दिला. तो कोणीं मानला नाहीं. बंदर झालें, त्यास कॅनिंगचें नांव मिळालें. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळ आलें, पाणी शहरांत शिरलें, आणि थोड्याच वर्षांत बंदर सोडून द्यावें लागलें. पिडिंग्टनला जाऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं.

( ६ )

पश्चिम किनाऱ्यावर ह्या वेळीं काय चाललें होतें ? मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्यें स्थापन झाली होती व १८४१ पासून तेथें वातावरणाच्या नियमित नोंदी होऊं लागल्या. अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे तारुण्यांत ह्याच वेधशाळेंत ऑर्लिबार यांच्या हाताखालीं होते. बाळशास्त्री जांभेकर यांचाही तिच्या कारभाराशीं संबंध होता. 'बाँबे टाइम्स'चा संपादक डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट यानें कांहीं काळ वेधशाळेचें काम पाहिलें. ह्या ब्यूइस्टनें १८५१ ते १८५५ ह्या वर्षांतील हिंदुस्थानांतल्या मोठ्या गारपिटींची यादी करून ब्रिटिश असोसिएशनपुढें ठेविली. त्याची रीतही पिडिंग्टनसारखीच, ठिकठिकाणचे वृत्तांत जमवून ते तारीखवार लावण्याची.

१८५४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस मुंबई बंदरावर मोठें वादळ आलें व सुमारें १,००० माणसें गेलीं. पूर्वेकडे ता. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळानें कलकत्त्याच्या बाजूस सुमारें ६०,००० माणसांचा बळी घेतला. त्यानंतर बंदरांस इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्यें हवामानखातें स्थापन झालें. खात्याचें मुख्य ठाणें कलकत्त्याहून सिमल्यास व १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस पुणेंकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. त्याच वर्षीं खात्यांतील वि. वि. सोहोनी यांचा कलकत्त्याच्या मेघगर्जनायुक्त वादळांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यास १९०० ते १९२६ पर्यंतच्या नोंदींचा आधार आहे. हे सोहोनी पुढें खात्याचे मुख्य झाले.

१८७७ पासूनच्या वादळांचे मार्ग खात्यानें नकाशांच्या रूपानें छापून ठेविले आहेत. त्यामागें गेलें कीं सलग माहिती सरते. त्यापूर्वींच्या काळासाठीं रोजनिशा, पत्रें, वर्तमानपत्रें व दप्तरें एवढेंच साधन उरतें. आमच्या संग्राहकांचा संबंध येथें येतो.

( ७ )

साधन न तपासतां लिहिलें तर काय होतें याचा एक नमुना मुंबईचाच आहे. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईस वादळ होऊन एक लाख माणसें मेलीं, असें कित्येक याद्यांत व ग्रंथांत वर्षानुवर्षें छापलें जात होतें. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, व संख्या भली मोठी असल्यामुळें ती कोणास विसरवेना. अमेरिकेंतील अॅडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईस असलेल्या वादळांच्या धोक्याचा विचार करतांना ह्या गोष्टीची शहानिशा केली. सहकाऱ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. समकालीन साधनांत अशा प्रलयाचा मागमूस नाहीं व हें वादळ झालेंच नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं २०१९ मध्यें 'मंथली वेदर रिव्ह्यू' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. बखरीवर भिस्त न ठेवतां अस्सल समकालीन कागद पाहावा, ही राजवाड्यांची शिकवण हवामानाच्या शास्त्रासही किती लागू आहे हें यावरून दिसेल.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हे. मोठें वादळ अमुक किनाऱ्यावर किती वर्षांनीं येतें ह्या हिशेबावर धक्क्यांची उंची, वस्तीच्या जागा व घरांचीं छपरें ठरावयाचीं असतात. दीडशें वर्षांच्या नोंदींत एखादें वादळ एकदांच आलें असेल, तर तें दीडशें वर्षांनीं येतें कीं पांचशें, हें तेवढ्यावरून सांगतां येत नाहीं. जुनें एक वादळ सिद्ध झालें तर तो हिशेब बदलतो. खोटें एक वादळ गळालें तरीही बदलतो.

आमच्या दप्तरांत अशी माहिती निघण्याचा संभव पुष्कळ आहे, कारण कारभारास तिची गरज होती. 'आसमानी सुलतानी'मुळें सारा सोडल्याचे कागद, गलबतें फुटल्याचे व माल वाहून गेल्याचे अर्ज, कळस पडल्याबद्दल देवस्थानाचा खर्च, गडाच्या तटाच्या दुरुस्तीचे हिशेब, हीं सर्व वादळांचीं साधनें होऊं शकतात. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरांत पवनेचें पाणी शिरतें हें सर्वांस ठाऊक आहे; जुन्या पुरांच्या तिथि तेथील दप्तरांत आहेत काय, हें कोणीं तरी ह्या दृष्टीनें पाहावें. १६६० सालीं शाएस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास ऐन पावसाळ्यांत वेढा घातला व फिरंगोजी नरसाळा यानें तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजविला. त्या वेढ्याच्या साधनांतून सैन्याची हालचाल आपण दिवसवार काढतों. पाऊस कधीं लागला व कधीं उघडला हेंही त्याच ओळींतून काढून ठेवावें.

यासाठीं नवी विद्या शिकण्याची गरज नाहीं. कागद नकलतांना वारा, पाऊस, गारा, वीज, पूर यांचा उल्लेख आला तर तो गाळूं नये. शक, मास, तिथि, वार व प्रहर जसेच्या तसे उतरावे. इंग्रजी तारीख काढल्यास मूळ मिति शेजारीं ठेवावी. वाऱ्याची दिशा दिली असेल तर ती आवर्जून टिपावी, कारण त्या एका शब्दावरून केंद्र कोणीकडे होतें हें निघतें. स्थळाचें नांव संशयित असल्यास तसें लिहावें. आणि पाठीवरचा मजकूर वाचावा.

प्रस्तुत लेखकाच्या रुमालांतील ती ओळ शकावांचून आतां कोणत्याही नकाशावर बसणार नाहीं. कोणाच्या संग्रहांत वैशाख वद्य ९ मंदवारच्या मोठ्या वाऱ्याचा उल्लेख शकासह असल्यास त्यांनीं तो कृपा करून ह्या त्रैमासिकाकडे पाठवावा. दोन नोंदी जुळल्या तर हरवलेला शक परत मिळेल, आणि एक वादळ दप्तरीं दाखल होईल. इत्यलम्.